सुरतेची पुस्तकमंडळी

सुरत म्हटले की मराठी मनात १६६४ आणि १६७० ही दोन साले उभी राहतात. शिवाजी महाराजांनी ह्या दोन साली मोगलांचे हे धनाढ्य बंदर लुटले आणि त्या द्रव्याने स्वराज्याला बळ आले, हे प्रत्येक मराठी मूल शाळेत शिकते. परंतु त्याच १६७० सालच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात सुरतेच्या एका व्यापाऱ्याची एक निराळीच मागणी आढळते. भीमजी पारेख हे ईस्ट इंडिया कंपनीचे दलाल. त्यांनी कंपनीकडे माल मागितला नाही, सवलत मागितली नाही. विलायतेहून एक छपाई जाणणारा कारागीर धाडावा, अशी विनंती केली. ब्राह्मणांचे जुने ग्रंथ छापून काढावेत, हा त्यांचा हेतू होता.

कंपनीने ती मागणी मान्य केली. १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस उतरला. त्याला छपाई येत होती. पण देशी लिपीचे खिळे पाडण्याची विद्या त्याच्यापाशी नव्हती. भीमजींनी आपल्या माणसांकडून खिळे पाडून पाहिले, खर्च सोसला. तथापि त्यांच्या मनातील ग्रंथ काही छापून निघाले नाहीत. पैसा होता, इच्छा होती, यंत्रही होते. त्या कामात जन्म घालविणारी चार माणसे मात्र नव्हती. एकट्या धनिकाच्या हौसेने ग्रंथ गावात येत नाही, हा धडा सुरतेला फार लवकर मिळाला. तो उमगून चार माणसे एकत्र यावयास पुढे सुमारे एकशेसत्तर वर्षे लागली.

तेवढ्या काळात सुरतेचे वैभव ओसरले होते. व्यापार मुंबईकडे गेला आणि त्याच्या मागोमाग माणसेही गेली. मुंबईत १८१२ साली पहिला गुजराती छापखाना काढणारे आणि १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान मूळचे सुरतेचेच. पण त्यांच्या कर्तृत्वाला जागा मिळाली ती मुंबईत. १८३७ हे वर्ष तर सुरतेवर कोपल्यासारखे उजाडले. एप्रिल महिन्यात लागलेल्या आगीत नऊ हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. अशा उद्ध्वस्त शहरात अवघ्या पाच वर्षांनी पुस्तकांचा प्रसार करण्यासाठी काही माणसे एकत्र आली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

ह्या माणसांत अग्रणी होते दुर्गाराम मंछाराम. १८०९ साली सुरतेत नागर ब्राह्मण कुळात जन्मलेले दुर्गाराम १८२५ साली मुंबईस गेले, तेथे त्यांनी शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १८२६ साली सुरतेच्या सरकारी गुजराती शाळेवर ते रुजू झाले. त्या वेळी त्यांना सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. मराठीत ज्याला पंतोजी म्हणत त्याला गुजरातीत महेताजी म्हणतात. दुर्गाराम पुढे जन्मभर ‘महेताजी’ ह्याच नावाने ओळखले गेले.

ह्या तरुण पंतोजीपुढची मुख्य अडचण पुस्तकांची होती. मुंबईच्या शिक्षणमंडळीने गणित, भूगोल, नीती अशा विषयांची थोडी गुजराती पुस्तके तयार करविली होती. पण ती शाळेपुरती. शाळा सोडलेल्या मुलाने पुढे काय वाचावे? पोथ्या होत्या, त्या ज्याच्या त्याच्या घरी बासनात बांधलेल्या. छापील पुस्तक महाग, आणि विकत घेण्याची सवय कोणालाच नाही. वाचता येणारा माणूस वाचावयास काही नाही म्हणून पुन्हा निरक्षरासारखा होऊन जाई. शाळा काढून केवळ अर्धे काम होते, हे दुर्गारामांना दिसून आले.

म्हणून १८४२ साली त्यांनी दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर, दामोदरदास अशा मित्रांना जमवून ‘पुस्तक प्रसारक मंडळी’ स्थापन केली. तिच्या नावातच तिचे कार्य आहे. मंडळीने शिळाछापाचे यंत्र मिळविले. शिळाछापाला भीमजी पारेखांची अडचण नव्हती; खिळे पाडावे लागत नाहीत, सुंदर हस्ताक्षराच्या लेखकाने लिहिलेला मजकूर दगडावरून तसाच्या तसा उमटतो. पोथीचे अक्षर वाचणाऱ्या डोळ्यांना तो परकाही वाटत नाही. एका व्यापाऱ्याच्या द्रव्याने जे साधले नव्हते, त्याच्या वाटेला चार शिक्षक आणि शास्त्री आपल्या बेताच्या मिळकतीवर लागले.

त्या काळचे वाचन आजच्यासारखे मुकाट्याने, एकट्याने करावयाचे वाचन नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुराणिक वाचीत आणि गाव ऐके. पत्र आले की एकजण वाची आणि घर ऐके. पुस्तक एक आणि श्रोते अनेक हीच आपल्याकडची जुनी रीत. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. पुराणिकाला सहसा कोणी उलट प्रश्न विचारीत नसे. पुस्तकाभोवती बसलेल्या माणसाने ‘हे खरे कशावरून?’ असे विचारले की श्रोत्यांची सभा होते. सुरतेत ही पायरी ओलांडली गेली, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकर हे मराठी वाचकांना व्याकरणकार म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते २२ वर्षांचे होते. १८४० नंतरची काही वर्षे त्यांनी सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून काढली. मुंबईहून आलेला, मराठी बोलणारा हा शिक्षक परमुलखात नोकरीपुरता राहून गेला असता तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु दादोबा आणि दुर्गाराम ह्यांची गाठ पडली, आणि एक मराठी व्याकरणकार व एक गुजराती महेताजी ह्यांचे सूत जमले. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास ह्या पाचांचीही नावे ‘द’ने सुरू होतात, सुरतेच्या लोकांनी त्यांना ‘पाच दद्दे’ असे थट्टेचे आणि थोडे कौतुकाचेही नाव दिले.

२२ जून १८४४ रोजी ह्या मंडळींनी सुरतेत ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. गुजरातेतील समाजसुधारणेची ही पहिली संस्था मानली जाते. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, माणसाचे मोल कुळावरून नव्हे तर गुणावरून करावे, अशी तिची तत्त्वे होती. आज ही वाक्ये सुभाषितासारखी गुळगुळीत वाटतात. १८४४ साली ती चारचौघांत उच्चारणे म्हणजे जातीच्या पंगतीतील आपले पान पणाला लावणे होते. सुरतेचेच महीपतराम रूपराम नीलकंठ १८६० साली विलायतेस गेले, तेवढ्यावरून त्यांना ज्ञातीने बहिष्कृत केले. ही घटना सभेनंतर सोळा वर्षांनी घडली. त्यावरून आधीच्या काळात किती धैर्य लागत असेल ह्याची कल्पना करता येते.

सभा आठवड्याला भरे. जातिभेद, विधवांची स्थिती, मूर्तिपूजा, मंत्रतंत्र आणि भूतबाधा हे तिचे विषय. मंत्राच्या बळावर चमत्कार करणाऱ्यांनी उघड्यावर येऊन तो करून दाखवावा, असे आव्हान दुर्गाराम देत. मुख्य म्हणजे सभा उघडी होती. ज्याला यावयाचे त्याने यावे, ऐकावे, प्रतिवाद करावा. आणि सभेत काय बोलणे झाले ते दुर्गाराम आपल्या रोजनिशीत लिहून ठेवीत. ह्याच रोजनिशीच्या आधारे महीपतरामांनी पुढे १८७९ साली त्यांचे चरित्र लिहिले. सभेत बोललेला शब्द वाऱ्यावर गेला नाही, तो ह्या एका सवयीमुळे.

ह्याच्याशी मुंबईच्या परमहंस सभेची तुलना उद्बोधक ठरेल. ती १८४९ च्या सुमारास निघाली, तिच्याही मुळाशी दादोबांची प्रेरणा होती आणि तिची तत्त्वे बरीचशी तीच होती. परंतु ती गुप्त होती. सभासदांची नावे बाहेर फुटू नयेत ही तिची मोठी काळजी. १८६० च्या सुमारास तिच्या सभासदांची यादी चोरीस गेली, नावे उघड होण्याची भीती पसरली आणि सभा मोडली. सुरतेच्या सभेपाशी चोरण्यासारखे गुपितच नव्हते. दादोबांच्याच ‘धर्मविवेचन’ ह्या पुस्तकाची गोष्ट पाहा. ते १८४३ च्या सुमारास लिहिले गेले आणि छापून प्रसिद्ध झाले ते १८६८ साली. जे छापावयास पाव शतक थांबावे लागले, त्याच प्रकारचे विचार सुरतेत १८४४ साली दर आठवड्याला मोठ्याने बोलले जात होते. पुस्तक ज्या धैर्याची वाट पाहत असते, ते आधी मंडळीत तयार व्हावे लागते.

त्याच १८४४ च्या ऑगस्टच्या अखेरीस सुरतेने आणखी एक दृश्य पाहिले. सरकारने मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला, तेव्हा हजारो लोक रस्त्यावर आले आणि सरकारला तो बारा आण्यांपर्यंत खाली आणावा लागला. जमावाचे सामर्थ्य मोठे असते. पण काम झाले की जमाव पांगतो. मंडळी लहान असते, तिच्याने एका दिवसात काहीच होत नाही. तिचे काम पुन्हा पुन्हा भेटण्याने होते. एकाच वर्षी एकाच गावाने हे दोन्ही प्रकार अनुभवले.

मग मानवधर्म सभेचे पुढे काय झाले? १८४६ साली दादोबा मुंबईस गेले आणि सभेचा जोर ओसरला. १८५२ साली दुर्गारामांची राजकोटकडे शिक्षणखात्यात नेमणूक झाली आणि सुरतेतील तो अध्याय संपला. सभेला सरकारने बंदी केली नाही, शत्रूंनीही ती मोडली नाही. ती नोकरीच्या बदल्यांनी मोडली. तिचा प्राण पाच माणसांत होता. त्यांतली दोन हलली आणि जागा भरून काढणारी व्यवस्था मागे नव्हती.

सुरतेत ह्याच सुमारास दुसरी संस्था उभी राहिली. १८५० साली तेथे अँड्र्यूज लायब्ररी स्थापन झाली. तिच्यात सभेसारखे वादळ नव्हते. वर्गणी, पुस्तकांची नोंद, वाचावयास बसण्याची जागा, उघडण्याची व बंद करण्याची वेळ, एवढाच ग्रंथालयाचा संसार. पण माणसे आली, गेली आणि ग्रंथालय राहिले. दीडशेहून अधिक वर्षे त्याचे नाव टिकून आहे. महाराष्ट्रातही हाच अनुभव आहे. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, पुण्याची नेटिव्ह लायब्ररी १८४८ ची. त्यांना जन्म देणाऱ्या पिढ्या गेल्या, तरी ती चालत राहिली.

ह्यावरून सभा व्यर्थ आणि ग्रंथालय तेवढे खरे, असे मात्र कोणी समजू नये. ग्रंथालयातून पुस्तक घरी नेणारा वाचक एकटा वाचतो आणि एकटा विसरतो. ‘हे खरे कशावरून?’ असे त्याला कपाट विचारीत नाही. सुरतेला आधी बोलणारी माणसे लाभली, त्यांची व्यवस्था टिकली नाही; मग व्यवस्था लाभली, तेव्हा ती माणसे पांगली होती. वाचकमंडळी खऱ्या अर्थाने उभी राहावयास ही दोन्ही एकत्र यावी लागतात.

दूर अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनला हाच अनुभव शंभर वर्षे आधी आला होता. १७२७ साली फिलाडेल्फियात त्याने आपल्या मित्रांची एक मंडळी काढली. सभासद बाराच, दर शुक्रवारी संध्याकाळी जमावयाचे आणि ठरलेल्या प्रश्नांवर बोलावयाचे. पुढे सर्वांनी आपापली पुस्तके बैठकीच्या खोलीत एकत्र ठेवली. कल्पना उत्तम होती, पण पुस्तकांची निगा राखणे कोणाचेच काम नसल्याने ती खराब होऊ लागली आणि वर्षभरात ज्याने त्याने आपली परत नेली. तेव्हा १७३१ साली फ्रँकलिनने वर्गणीचे ग्रंथालय काढले. ५० सभासद, प्रवेशाचे ४० शिलिंग आणि वर्षाचे १० शिलिंग. मैत्रीने जे सांभाळले गेले नाही, ते नियमाने सांभाळले गेले. आणि मित्रांच्या बैठका बंद पडल्या नाहीत. त्या ग्रंथालयाच्या जोडीने चालत राहिल्या.

सुरतेचा अनुभव वाया गेला नाही, कारण तेथून गेलेली माणसे तो बरोबर घेऊन गेली. १८४८ साली मुंबईत विद्यार्थ्यांच्या साहित्य व शास्त्र सभेच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. त्यांपैकी मराठी शाखेचे पहिले अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. येथे सभासदांनी निबंध लिहून आणावे, वाचावे आणि त्यांवर चर्चा व्हावी, अशी पद्धत होती. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिकही १८५० साली निघाले. बोलणे, लिहून ठेवणे आणि छापणे ह्या तिन्ही गोष्टी आता एका दोरीत ओवल्या गेल्या.

ह्याच वातावरणात सुरतेचा आणखी एक पुत्र पुढे आला. नर्मदाशंकर लालशंकर, म्हणजेच कवी नर्मद, ह्यांचा जन्म १८३३ चा. मुंबईत शिकत असताना सतरा-अठरा वर्षांच्या ह्या मुलाने मित्र जमवून एक सभा काढली आणि तिच्यात एक निबंध सादर केला. गुजराती गद्याचा इतिहास लिहिणारे आधुनिक निबंधाचा आरंभ येथून धरतात. त्या निबंधाचे नाव होते ‘मंडळी मळवाथी थता लाभ’, म्हणजे मंडळी जमल्याने होणारे लाभ. एका भाषेच्या आधुनिक गद्याने पहिला विषय निवडला तो प्रेमाचा नव्हे, राजाचा नव्हे, तर माणसांनी एकत्र बसण्याचा. १८५१ साली सुरतेस परतल्यावर नर्मदांनी तेथेही ‘स्वदेशहितेच्छु मंडळी’ काढली. सुरत महानगरपालिकेचे मध्यवर्ती ग्रंथालय आज त्यांचेच नाव धारण करून उभे आहे.

खेडेगावातील मंडळीला पुस्तके कोठून मिळावीत, ह्या प्रश्नाचे उत्तर बडोदे संस्थानाने दिले. १९०६ च्या सुमारास मोतीभाई अमीन ह्यांनी चरोतरातील खेड्यांत मित्रमंडळांची वाचनालये काढण्यास आरंभ केला. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन ह्या ग्रंथपालास बोलाविले. गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यावी, असा नियम झाला. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. सुरतेशेजारचे नवसारी ह्याच संस्थानात होते. ह्या नियमातील शहाणपण असे की, पहिला वाटा गावाने उचलल्यावाचून बाकीचे दोन मिळत नसत.

ज्यांना आज आपल्या आळीत वा गावात वाचकमंडळी काढावयाची असेल, त्यांना ह्या इतिहासात पुष्कळ सापडेल. आरंभाला पाच माणसे पुरेत, बारा झाली तर भरपूर. वार आणि वेळ ठरलेली असावी; सोयीप्रमाणे भेटू म्हणणारी माणसे फार दिवस भेटत नाहीत. पुस्तक असे निवडावे की त्याच्या प्रती सर्वांना मिळतील. न मिळाल्या तर जुन्या रीतीने एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी विद्वत्ता दाखविण्याची गरज नाही. पुस्तक वाचून येणे आणि एक प्रामाणिक प्रश्न विचारणे एवढे त्याच्याकडून पुरे. चालकाने स्वतः कमी बोलावे आणि गप्प बसणाऱ्याकडे लक्ष ठेवावे. काय वाचले, कोण काय म्हणाले, वर्गणी किती जमली, हे एका वहीत लिहावे आणि ती वही वर्षाकाठी दुसऱ्याच्या हाती द्यावी. दादोबांची बदली झाली तशी कोणाची ना कोणाची बदली होणारच. मंडळी त्यानंतरही चालावी, अशी तजवीज पहिल्याच वर्षी केली पाहिजे.

आजच्या सुरतेत मराठी माणूस पाहुणा नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे स्थायिक झाली आहेत. यंत्रमाग आणि कापडाच्या धंद्यात त्यांचे श्रम आहेत. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीच्या जोडीने मराठी माध्यमही आहे. त्या शाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलापुढे १८२६ सालचाच प्रश्न आहे: शाळा सुटल्यावर काय वाचावयाचे, आणि वाचलेले कोणाशी बोलावयाचे? कामाच्या पाळ्या संभाळून महिन्यातला एक रविवार काढणारी पाच माणसे एखाद्या गल्लीत निघाली, एक पुस्तक मराठी आणि पुढचे गुजराती असे वाचू लागली, तर सुरतेला ते नवे वाटणार नाही. एक महेताजी आणि एक मराठी व्याकरणकार ह्यांनी तेथे एकत्र बसण्याची रीत १८४४ सालीच घालून ठेवली आहे.